फळ पाडण्याची विद्या

चांगल्या बहराच्या वर्षी सफरचंदाचे झाड पानांपेक्षा फुलांनीच झाकलेले असते. एका गुच्छात साधारण पाच फुले. मधले सर्वांत आधी उमलते आणि फळही बहुधा त्याचेच मोठे होते. बागायतदार त्याला ‘किंग’ म्हणतात. झाडावरच्या शंभर फुलांपैकी पाच ते दहा फुलांचे फळ टिकले तरी पीक भरपूर येते. उरलेल्यांपैकी बरीच फुले झाड आपणहून टाकते. काही फळ न धरताच झडतात, काहींची बोराएवढी फळे होतात आणि उत्तर गोलार्धात जूनच्या आसपास गळून पडतात. पण ही गळ झाडाच्या सोयीने होते. झाडाला बी हवे असते, आणि लहान फळातले बीही रुजतेच. बाजाराला मात्र मोठे, लालबुंद, एकसारखे फळ हवे असते. झाडाने ठेवलेली आणि बाजाराला हवी असलेली फळे यांतला फरक माणूस पूर्वीपासून हाताने खुडून मिटवत आला. गेल्या नव्वद वर्षांत त्याने हे काम बऱ्याच अंशी फवाऱ्यावर सोपवले.

या नव्वद वर्षांच्या इतिहासात एक गोष्ट पुनःपुन्हा दिसते. सफरचंद विरळ करण्यासाठीच म्हणून बागेत आलेले रसायन फार उशिरा आले. तोवर जे जे वापरले गेले ते दुसऱ्याच कामासाठी बनले होते आणि बागेत उसने आले होते. एक कीटकनाशक म्हणून जन्माला आले होते, एक तर फळगळ थांबवण्यासाठी आणले होते, एक बीटच्या शेतातले तणनाशक होते. आणि प्रत्येकाने येताना आपल्या मूळ कामाचे ओझे सोबत आणले.

सफरचंद घरच्या खाण्यासाठी आणि सायडर गाळण्यासाठी पिकत होते तोवर आकाराची फारशी फिकीर नव्हती. रेल्वे आली, फळ हजारो मैल दूर जाऊ लागले, ते लाकडी खोक्यात एका मापाने बसवणे भाग पडले, आणि भाव आकारावर ठरू लागला. अमेरिकेच्या वायव्येकडच्या वॉशिंग्टन राज्यात एका खोक्यात किती फळे बसतात त्यावरून मालाची प्रत ओळखतात. हिमाचल प्रदेशातही तीच तऱ्हा आहे. तिथल्या आडतीवर लार्ज, मीडियम, स्मॉल अशी उतरंड असते आणि तळाशी ‘पित्तू’, म्हणजे भावात मार खाणारे बारके फळ. झाडावर फळे दाटीने राहिली की पित्तूच वाढतो. एक सफरचंद नीट पोसायला साधारण 30 ते 40 पाने लागतात हे अमेरिकी कृषी खात्याच्या जे. आर. मॅग्नेस यांनी 1920 च्या दशकात वॉशिंग्टनमधल्या वेनाची इथे दाखवून दिले. त्यांची पद्धत साधी होती. फांदीची साल कड्यासारखी कापायची, म्हणजे तिथल्या पानांनी बनवलेले अन्न फांदीबाहेर जात नाही. मग पाने आणि फळे मोजून ठेवायची आणि फळ किती पोसते ते पाहायचे.

आकारापुरताच प्रश्न असता तर हाताची विरळणी पुरली असती. जूनची गळ संपली की मजूर शिड्या लावून चढतात आणि वीतभर अंतरावर एकेक फळ ठेवून बाकीची खुडतात. फळ मोठे होते, रंगही चढतो. मोठ्या झाडाला तासन्‌तास लागतात, मजुरीचा खर्च डोळ्यांत भरतो, पण काम होते.

खरी अडचण पुढच्या वर्षाची आहे. सफरचंदाच्या अनेक जाती आड वर्षी फळतात. एका साली फांद्या मोडतील इतके फळ, दुसऱ्या साली झाड जवळजवळ रिकामे. कोकणातल्या हापूसवाल्यांना हे दुखणे समजावून सांगावे लागणार नाही. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या जुन्या ‘बाल्डविन’पासून ‘गोल्डन डिलिशस’, ‘फुजी’ आणि 1991 साली मिनेसोटा विद्यापीठाने आणलेल्या ‘हनीक्रिस्प’पर्यंत अनेक नावाजलेल्या जातींना ते आहे. पुढच्या सालची फूलकळी या सालच्या फळाशेजारीच बनते आणि ती बनणार की नाही याचा निर्णय फुले झडल्यानंतरच्या काही आठवड्यांत होऊन जातो. जूनअखेर मजूर शिडीवर चढतात तेव्हा वेळ टळून गेलेली असते. फळ खुडून आकार मिळतो, पुढच्या वर्षीचा बहर मिळत नाही. वेनाचीला सी. पी. हार्ले, मॅग्नेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर वर्षानुवर्षे केलेले काम 1942 साली कृषी खात्याच्या अहवालात छापून आले. विरळणी करायची तर फुलोऱ्यात किंवा फुलोरा संपता संपता, एवढे त्यातून पक्के झाले. पण मोजक्या दिवसांत सगळ्या बागेतली लक्षावधी फुले हाताने कोण खुडणार?

या अहवालाच्या दशकभर आधी मेरीलँडमध्ये ई. सी. ऑक्टर आणि जे. डब्ल्यू. रॉबर्ट्स यांनी फुलांवर नाना द्रव्ये फवारून पाहिली होती. 1933 साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधाचा विषय फळधारणा रोखणे हा होता. काही फुले ठेवून काही पाडण्याची नजाकत त्यांच्या मनात अजून नव्हती. डांबरापासून काढलेली तेले आणि तीव्र क्षार फुलांबरोबर पानेही जाळत. त्यांतून एक द्रव्य मात्र पुढे टिकले. ते म्हणजे डायनायट्रो-क्रेसॉलचे सोडियम मीठ. हे कूळ जुने होते. 1892 साली जर्मनीत बायर कंपनीने याच क्रेसॉलचे पोटॅशियम मीठ ‘अँटिनॉनिन’ नावाने जंगलातल्या अळ्यांवर विकायला काढले होते. रंग गर्द पिवळा, हातावर पडला तर डाग दिवसेंदिवस जात नाही, आणि पोटात गेले तर माणसालाही घातक. अमेरिकेत सोडियम मीठ ‘एल्जेटॉल’ म्हणून मिळू लागले. कॉर्नेल विद्यापीठाच्या एल. एच. मॅकडॅनियल्स आणि एम. बी. हॉफमन यांनी 1941 मध्ये त्याच्या फवाऱ्याने सफरचंदाची फुले कशी काढता येतात ते मांडले.

काळ महायुद्धाचा होता. तरुण सैन्यात गेलेले, बागांना माणूस मिळेना, आणि वायव्येकडच्या शेतांवर मेक्सिकोतून मजूर आणावे लागत होते. अशा वेळी फुलोऱ्यातच निम्मे काम उरकणारा फवारा मिळाला तर तो कोण नाकारील? वॉशिंग्टनच्या कोरड्या हवेत एल्जेटॉलचा जम बसला. त्याची करामत फक्त वेळेची होती. गुच्छातले मधले फूल उमलून त्यात परागनलिका बीजांडापर्यंत पोचलेली असते, तेव्हा त्याला धक्का लागत नाही. कडेची फुले नुकतीच उघडलेली असतात. त्यांचे पराग आणि कुक्षी फवाऱ्याने करपतात आणि फळ धरतच नाही. एक दिवस आधी फवारले तर मधलेही जाते, दोन दिवस उशीर झाला तर कडेचीही सुटतात. पूर्वेकडच्या दमट राज्यांत फवारणीनंतर पाऊस पडला की द्रव्य पुन्हा विरघळून पाने जाळी. शिवाय फुलोऱ्यात अर्धी फुले घालवल्यावर पाठोपाठ कडक दहिवर पडले तर उरलेलीही जात. एल्जेटॉल वापरणारा बागायतदार हवामानाचा कौल लागण्याआधीच पैज लावत होता, आणि तरीही ते चार दशके चालले, यावरून गरज किती मोठी होती ते कळते.

दुसरे औषध चुकूनच हाती आले. 1939 साली एफ. ई. गार्डनर, पॉल मार्थ आणि एल. पी. बॅटजर या कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी ‘सायन्स’ नियतकालिकात लिहिले की नॅप्थॅलिन अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड, म्हणजे एनएए, फार थोड्या मात्रेत फवारले तर काढणीआधी होणारी सफरचंदांची गळ थांबते. पिकत आलेले फळ झाडावर टिकते म्हटल्यावर बागायतदार हरखले. इंडियानातल्या पर्ड्यू विद्यापीठात सी. एल. बर्कहोल्डर आणि एम. मॅककाउन यांनी साहजिकच पुढचा विचार केला. सप्टेंबरात फळ धरून ठेवणारे द्रव्य फुलोऱ्यात फवारले तर फळधारणा वाढेल. झाले उलटे. फळे कमी धरली. 1941 साली त्यांनी ते जसेच्या तसे प्रसिद्ध केले. फसलेल्या प्रयोगाची ही प्रामाणिक नोंद फळबागांच्या इतिहासातली मोठी कामगिरी म्हणायला हवी, कारण तिच्यातून निघालेली विरळणी आजही चालू आहे.

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याच्या कपाटात हेच एनएए ‘प्लॅनोफिक्स’च्या बाटलीत असते. फूलगळ आणि फळगळ थांबावी म्हणून तो ते मिरचीवर, कपाशीवर, आंब्यावर मारतो. सफरचंदाच्या कोवळ्या फळांवर त्याच बाटलीतले द्रव्य लिटरला पाच ते वीस मिलिग्रॅम पडले की गळ सुरू होते. वनस्पतीच्या संप्रेरकांचे असेच असते. द्रव्य एकच, पण फळाचे वय, मात्रा आणि हवा बदलली की परिणाम पार उलटतो. एनएएला एक खोडही होती. ‘डिलिशस’ या जातीवर ते उशिरा पडले तर काही फळे गळतही नाहीत आणि वाढतही नाहीत. झाडावर खुजी राहून हंगामभर लोंबकळतात, आणि ती शेवटी हातानेच खुडावी लागतात.

तिसरे औषध म्हणजे कार्बारिल. युनियन कार्बाइडने 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात ते ‘सेव्हिन’ या नावाने कीटकनाशक म्हणून बाजारात आणले. कोवळ्या फळांवर किडीसाठी फवारा पडला की फळे विरळ होतात असे दिसून आले. एनएएच्या कामात असलेले बॅटजर आणि त्यांचे सहकारी एम. एन. वेस्टवुड यांनी 1960 मध्ये त्यावर निबंध लिहिला. कार्बारिलमध्ये बागायतदारांना हवे होते ते सगळे होते. फवारणी फुले झडल्यावर करायची, म्हणजे दहिवराचा धोका टळलेला. मात्रा थोडी इकडेतिकडे झाली तरी झाड उघडे पडत नाही. वर कीडही मरते. अमेरिकेत आणि युरोपातही अनेक बागांत विरळणी म्हणजे कार्बारिल असेच समीकरण झाले. पण ते मधमाश्यांना मारक होते. सफरचंदाची फुले झडली तरी झाडाखालच्या गवतातली फुले उमललेली असतात, आणि ज्या माश्यांनी बागेत फळ धरवले त्यांच्यावरच तो फवारा उतरत असे.

आणि कार्बारिलचे नाव घेतले की भोपाळवरून पुढे जाता येत नाही. युनियन कार्बाइडचा तिथला कारखाना सेव्हिनसाठीच होता. मिथाइल आयसोसायनेट आणि नॅप्थॉल यांच्या संयोगातून तिथे कार्बारिल बनवत. 2 डिसेंबर 1984 ची रात्र उलटून 3 तारीख उजाडण्याआधी एका टाकीतून सुमारे 40 टन मिथाइल आयसोसायनेट शहरावर पसरले. हजारो माणसे मेली, लाखो बाधित झाली आणि कितीतरी कुटुंबे आजही ते भोगत आहेत. सफरचंदाच्या विरळणीमुळे हे घडले असे नाही, ते द्रव्य तिथे भारतातल्या शेतीच्या किडींसाठी बनत होते. पण वेनाचीच्या बागेत सुटसुटीत ठरलेल्या औषधामागे कारखान्यात काय साठवले जाते, हे या इतिहासातून वगळणे अप्रामाणिकपणाचे होईल. युरोपीय संघाने 2007 साली कार्बारिलला मान्यता नाकारली. भारत सरकारने 2018 च्या ऑगस्टमध्ये बंदी घातलेल्या कीडनाशकांच्या यादीतही ते आहे.

फळ जास्त धरले तर पुढच्या वर्षी बहर का येत नाही, याचे उत्तर फवारे चालू झाल्यावर बऱ्याच वर्षांनी मिळाले. झाड थकते, त्याचा अन्नसाठा संपतो, असा जुना समज होता. 1967 साली बी. जी. चॅन आणि जे. सी. केन यांनी ‘स्पेन्सर सीडलेस’ नावाच्या विचित्र सफरचंदावर प्रयोग केला. याच्या फुलाला पाकळ्या नसतात, त्यामुळे माश्या फिरकत नाहीत, तरीही बिनबियांचे फळ धरते. हाताने पराग टाकले की त्याच झाडावर बियांचे फळ मिळते. म्हणजे झाड तेच, फळही तसेच, फरक फक्त बीचा. बिनबियांच्या फळाशेजारी पुढच्या सालची फूलकळी बनली. बियांच्या फळाशेजारी ती फारशी बनलीच नाही. अडथळा फळाच्या भुकेपेक्षा त्याच्या बियांतून येत होता. कोवळ्या बिया जिब्रेलिन नावाची संप्रेरके तयार करतात आणि ती शेजारच्या डोळ्याला फूल होऊ देत नाहीत असे त्यावरून मानले जाते. बी वाढून जिब्रेलिन सुटण्याआधी फळ उतरवणे म्हणजे विरळणी, हे मग उमगले.

जिब्रेलिन म्हटले की नाशिककडच्या द्राक्षवाल्यांचे कान टवकारतील. ते ज्याला नुसते ‘जीए’ म्हणतात ते हेच. जपानी शास्त्रज्ञांना ते भाताच्या रोपांना काटकुळे उंच करणाऱ्या एका बुरशीत 1930 च्या दशकात सापडले. बिनबियांच्या थॉम्पसन द्राक्षाच्या मण्यांत बी नाही, म्हणून बीचे काम बाहेरून जीए देऊन करवून घेतात. घडाचा देठ लांबतो, मणी फुगतात, आणि तरी दाटी राहिलीच तर बायका लहान कात्र्या घेऊन एकेका घडातले मणी कापतात. त्याला गावोगाव थिनिंगच म्हणतात. कोकणात नेमके उलटे चालते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या शिफारशीने आंब्याला घालतात ते पॅक्लोब्युट्राझॉल, बोलीत ‘कल्टार’, झाडात जिब्रेलिन बनूच देत नाही, आणि हापूस वर्षाआडच्या फेऱ्यातून काहीसा सुटतो. सफरचंद, द्राक्ष आणि आंबा या तीन बागा एकाच संप्रेरकाच्या भोवती फिरतात.

हिमाचलात सफरचंदाचा धंदा ज्या झाडांवर उभा राहिला ती अमेरिकेतूनच आली. सॅम्युएल स्टोक्स या अमेरिकी तरुणाने शिमल्याजवळच्या कोटगढला घर केले आणि 1916 च्या सुमाराला मिसूरीच्या स्टार्क ब्रदर्स रोपवाटिकेतून ‘डिलिशस’ आणवले. पुढे ते हिंदू झाले, सत्यानंद हे नाव घेतले, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगातही गेले. त्यांच्या झाडांच्या वंशजांनी डोंगर भरून गेले. आता तिथे बुटक्या खुंटांवरच्या दाट बागा लागत आहेत. ही झाडे लवकर आणि गच्च फळतात, म्हणून विरळणीचा प्रश्न तिथेही ठाण मांडून बसला आहे.

तिकडे एल्जेटॉल 1980 च्या दशकाच्या अखेरीस बाजारातून गेले. अमेरिकेत जुन्या कीडनाशकांची फेरनोंदणी सक्तीची झाली, आणि इतक्या छोट्या बाजारपेठेसाठी नव्या चाचण्यांचा खर्च परवडण्यासारखा नव्हता. पोकळी भरायला पुन्हा उसनवारीच कामी आली. वॉशिंग्टनच्या सेंद्रिय बागांनी बुरशीवरचे जुने चुना-गंधक माशाच्या तेलात मिसळून फुलोऱ्यात फवारायला घेतले. ‘डिलिशस’ लांबट व्हावे म्हणून वापरले जाणारे बेन्झिल अ‍ॅडेनिन फळे विरळही करते असे दिसले आणि 1990 च्या दशकात ते विरळणीला लागले. व्हर्जिनियात रॉस बायर्स यांनी झाडांवर दाट सावलीची जाळी काही दिवस टाकली, तर कोवळी फळे भराभर गळाली. अन्न कमी पडले की झाड दुबळ्या फळांना आधी सोडते, हे त्यातून लख्ख दिसले. तो धागा युरोपात मेटामिट्रॉनपर्यंत गेला. बीटच्या शेतातले हे तणनाशक पानांचे प्रकाशसंश्लेषण मंदावते. बेताच्या मात्रेत मारले की झाडाला काही दिवस ढगाळ हवेत उभे असल्यासारखे होते आणि फळे उतरतात.

त्यामुळे आता औषधाइतकेच महत्त्व हवेला आले आहे. ढगाळ दिवस आणि उबदार रात्री लागोपाठ आल्या तर तोच फवारा दुप्पट जोराने लागतो. लख्ख ऊन आणि थंड रात्री असल्या तर काहीच होत नाही. कॉर्नेलच्या अ‍ॅलन लॅक्सो यांनी झाडाच्या अन्नाच्या जमाखर्चाचा गणिती आराखडा बांधला, आणि अमेरिकेतले बागायतदार तो पाहून फवारणीचा दिवस ठरवतात. फवारल्यावर दुसरी परीक्षा असते. मॅसॅच्युसेट्सच्या ड्वेन ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 साली मांडलेली पद्धत अशी. निवडक झाडांवरच्या गुच्छांना चिठ्ठ्या बांधायच्या. फवारणीनंतर तिसऱ्या दिवशी गुच्छातले प्रत्येक फळ कॅलिपरने मिलिमीटरमध्ये मोजायचे आणि आठव्या दिवशी पुन्हा मोजायचे. सर्वांत वेगाने फुगलेल्या फळांच्या निम्मीही वाढ ज्याची झाली नाही, ते गळणार असे धरायचे. फळ अजून देठाला घट्ट, हिरवे, बघणाऱ्याला धडधाकट दिसते, पण कॅलिपर त्याचा हिशेब सांगून जातो. उरलेली फळे जास्त वाटली तर त्याच आठवड्यात दुसरा फवारा देता येतो.

विरळणीसाठीच म्हणून आलेले औषध सर्वांत अलीकडचे. 1979 साली कॅलिफोर्नियात डेव्हिस इथे डी. ओ. अ‍ॅडम्स आणि एस. एफ. यांग यांनी इथिलीन वायू बनण्याआधीचा वनस्पतीतला दुवा शोधला. त्याचे संक्षिप्त नाव एसीसी. झाडातच असणारे हे द्रव्य अलीकडच्या वर्षांत अमेरिकेत विरळणीचे औषध म्हणून मंजूर झाले आहे, आणि फळ 15 ते 20 मिलिमीटरचे झाल्यावरही, म्हणजे बाकीची औषधे निकामी होतात तेव्हा, ते लागू पडते. तरीही वॉशिंग्टनच्या बागांत जून उजाडला की मजुरांच्या टोळ्या येतात, आणि फवाऱ्यांनी सोडलेली जोडफळे, खुजी फळे आणि डागाळलेली फळे हातानेच खुडून झाडाखाली टाकतात.